रविवारी बाउन्स झालेला हप्ता

बेळगावला इंजिनिअरिंगला जायचं ठरलं तेव्हा घरात कर्जाबद्दल बोलणं झालं ते जेमतेम दहा मिनिटांचं. २०१६ची गोष्ट. जीसीईटीत, म्हणजे गोव्याच्या प्रवेश परीक्षेत, फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नव्हते. आम्ही डिचोलीचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून बाबांचा खनिजाचा ट्रक अंगणात उभा होता, तो नुकता पुन्हा धावायला लागला होता. वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, बाबा सहकर्जदार. सह्या कुठे करायच्या तिथे बँकेच्या साहेबांनी पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या होत्या. फुली दिसेल तिथे आम्ही सही केली. वाचलं कोणीच नाही.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही चोर्ला घाटात बस बंद पडली म्हणून, शेजारी बसलेल्या साखळी गावच्या मुलीकडून. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणाच्या काळातल्या व्याजावर केंद्राचं अनुदान मिळतं, पण आमच्या दाखल्यावरचा आकडा ट्रकच्या भाड्यासकट त्याच्या वर गेलेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये ट्रक पुन्हा अंगणात आला. फायलीतला दाखला मात्र २०१६चाच राहिला.

मला वाटायचं, शिक्षण होईपर्यंत आणि पुढचं एक वर्ष बँक थांबते. थांबतो फक्त हप्ता. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. माझा दर १० टक्के. पहिल्या वर्षी दीड लाखावर महिन्याला १,२५० रुपये, चौथ्या वर्षी सहा लाखांवर ५,०००. हे व्याज शिकता शिकता भरत गेलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्क्याची सूटही देतात. पहिल्या वर्षाचे साडेबाराशे मी सहज भरले असते. तेवढे तर खानापूर रोडवरच्या चहा-वड्यात जायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये हप्ता सुरू झाला तेव्हा सहा लाखांचे ८,१०,००० झाले होते. दहा वर्षांसाठी हप्ता १०,७०४. आणि वेर्ण्याच्या औषध कंपनीत माझा हातात येणारा पगार १८,५००.

"पंधरा वर्षं करूया का? ८,७०४ बसेल," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. दोन हजार वाचतात म्हणून मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग तिथेच मोबाइलवर गुणाकार केला: दहा वर्षांचे १२ लाख ८४ हजार, पंधरा वर्षांचे १५ लाख ६६ हजार. दहाच ठेवली. शहाणपण कमी, राग जास्त.

दुसराच हप्ता बाउन्स झाला. ५ सप्टेंबर २०२१, रविवार. पुढच्या शुक्रवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचं सामान, आईला साडी, धाकट्याला शर्ट, पहिल्या पगाराच्या वर्षातली पहिली चवथ म्हणून मी हात सैल सोडला होता. चवथीमुळे पगार सोमवारी सहालाच होणार होता, आणि रविवारी बँका बंद, म्हणजे हप्ता सोमवारीच कापणार, असा माझा हिशोब. मला ठाऊक नव्हतं की त्याच वर्षी १ ऑगस्टपासून हे आपोआप कापले जाणारे हप्ते सुट्टीच्या दिवशीही वळते व्हायला लागले होते. सकाळी खात्यात होते ४,३१२ रुपये. बचत खात्याच्या बँकेने ५०० आणि त्यावर जीएसटी असे ५९० कापले, कर्जाच्या बँकेने तेवढेच वेगळे.

मी कोणाला सांगितलं नाही. सोमवारी पगार आल्या आल्या हप्ता भरला आणि वाटलं, मिटलं. पण बाबा सहकर्जदार. मेसेज त्यांच्याही मोबाइलवर गेला होता. ते त्या वेळी अंगणात माटोळीची चौकट बांधत होते. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि कांगल्या, नारळ बांधत राहिले. पाच दिवस आरत्या झाल्या, घुमट वाजलं, विसर्जन झालं. सहाव्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, हातात कर्जाची फाइल आणि एक लांबट वही.

ती वही मी लहानपणापासून बघत आले होते. ट्रकच्या खेपांची. डावीकडे खेप, मग डिझेल, ड्रायव्हर, टायर, शेवटी उरलं ते. २०१२च्या बंदीत त्याच ट्रकचे हप्ते थकले होते, बँकेची माणसं दारात आली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तेव्हा शाळेत होते आणि मला सांगितलं होतं की ते पाहुणे आहेत. म्हणजे कर्ज थकणं म्हणजे काय हे ज्या माणसाला घरात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, नेमकं त्याच्यापासून मी लपवत होते.

बाबांनी कोरं पान काढलं आणि वर माझं नाव घातलं. 'खेप' या रकान्यात १८,५००. "पयलीं हप्तो, मागीर डिझेल," म्हणाले. आधी हप्ता, मग डिझेल. हप्ता गेल्यावर उरले ७,७९६. घरात ३,०००. कंपनीची बस, कँटीनचं जेवण, त्यामुळे बाकीचं निभत होतं. 'टायर' या रकान्यात त्यांनी ८०० लिहिले. मी विचारलं, माझा कसला टायर? म्हणाले, "पंक्चर होईल तेव्हा कळेल." ते पैसे वेगळ्या खात्यात साठवत गेले, आणि सव्वा वर्षात तिथे एक हप्ता जमला. त्याला मी हात लावत नाही.

मग हप्त्याची तारीख ५ची १० करून घेतली. लेखी अर्ज, तीन फेऱ्या, त्यातल्या दोन वेळा साहेब रजेवर. क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा उताराही काढला. या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. दुसऱ्याच दिवशी भरल्यामुळे डाग पडला नव्हता. पण हेच कर्ज बाबांच्या रिपोर्टमध्येही दिसत होतं, आणि त्यांना ट्रक विकून पिकअप घ्यायची होती. तोपर्यंत मी चुकले तर मीच भोगणार, अशी माझी समजूत होती.

पहिल्या वर्षी मी १,२८,४४८ रुपये भरले. मुद्दल उतरलं साधारण ४९,७००. खरा धक्का मात्र मार्च २०२३ मध्ये बसला. मे २०२२पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५वर नेला होता, हे बातम्यांत ऐकलं होतं, पण माझा हप्ता तेवढाच कापला जात होता म्हणून मी निवांत. एका रात्री सहज खात्याचा उतारा काढला. दर साडेबारा. वीस हप्ते भरून झालेले. उरलेले हप्ते: १२१. सुरुवात केली तेव्हा १२० होते!

बँकेने हप्ता न वाढवता मुदत लांबवली होती. पत्र नाही, फोन नाही. मी जाऊन लेखी दिलं की मुदत पूर्वीचीच ठेवा, हप्ता वाढवा. तो ११,८५१ झाला. पगार तोवर सव्वीस हजारांवर गेला होता, म्हणून हे जमलं. अठरा हजारांत जमलं नसतं. पुढे ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनेच सगळ्या बँकांना सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या.

दिवाळीचा बोनस, १२,००० रुपये, जादा भरायला गेले तेव्हा अजून एक गोष्ट कळली. बदलत्या दराच्या कर्जात आधी पैसे भरल्याचा दंड नसतो, पण काउंटरवर ती रक्कम पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ धरली गेली होती. 'मुद्दलात जमा करावे' असं चलनावर लिहून द्यावं लागलं. तेव्हापासून दर वेळी लिहिते आणि आठवड्याने उतारा बघते. आयकरात आठ वर्षं व्याजाची सूट मिळते म्हणतात, ती जुन्या करप्रणालीतच. माझ्या पगारावर मुळात कर बसतच नव्हता, तेव्हा तो आनंदही नाही.

धाकट्याला आता पुण्याला जायचंय. महामंडळाचा अर्ज भरून ठेवलाय, राहिलेल्या रकमेसाठी बँकेत गेलो. साहेब नवे, फुल्या त्याच. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. साहेब जेवायला उठून गेले. परत आले तेव्हा बाबा अकराव्या पानावर होते.