घनतेचा कोड शिकताना

१ ऑक्टोबर २०२३ पासून अमेरिकेत स्तनांच्या घनतेसाठी नवे निदान-कोड लागू झाले. मी नागपुरात मेडिकल कोडिंग करते, रेडिओलॉजीच्या टीममध्ये. तिकडच्या सेंटरमधले मॅमोग्रामचे, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचे, रिपोर्ट आमच्याकडे येतात, ते वाचून आम्ही आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या यादीतले कोड लावतो आणि त्यावर बिल विम्याकडे जातं. शहरात दीक्षाभूमीच्या सोहळ्याची तयारी सुरू झाली होती आणि आमच्या मजल्यावर ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच आकडा होता: आर९२.३.

त्याआधी दाट स्तनांची नोंद आर९२.२ मध्ये जायची. हा कोड मुळात अनिर्णित मॅमोग्रामचा. मला ते पहिल्यापासून खटकायचं. फिल्म व्यवस्थित निघाली आहे, डॉक्टरांनी पूर्ण वाचली आहे, काही संशयास्पद नाही असं लिहिलं आहे, आणि कोड मात्र सांगतो की निष्कर्ष निघाला नाही! स्तन दाट असणं हा आजार नाही. कितीतरी बायकांचे असतात, चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या जणींचे. हात लावून ते कळत नाही, मॅमोग्राममध्येच दिसतं. चरबी काळसर दिसते, ग्रंथी आणि तंतूंचा भाग पांढरा दिसतो. गाठही पांढरीच दिसते, म्हणून दाट स्तनात ती झाकली जाऊ शकते. शिवाय घनता जास्त असली की कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. एवढी महत्त्वाची गोष्ट स्वतःच्या नावाने नोंदली जावी, असं मला मनापासून वाटायचं.

नव्या कोडांची रचना बायरॅड्सला, म्हणजे रेडिओलॉजिस्टच्या मॅमोग्राम रिपोर्ट लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीला, धरून आहे. त्यात घनतेचे चार प्रकार आहेत. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, त्याला आर९२.३१. बी म्हणजे विखुरलेली घनता, आर९२.३२. सी म्हणजे विषम घनता, आर९२.३३, आणि डी म्हणजे अत्यंत दाट, आर९२.३४. सहावा आकडा बाजू सांगतो: १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही. दाट म्हणतात ते फक्त सी आणि डीला. नवीन मुलं इथे हमखास अडकतात, कारण त्याच रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा ० ते ६ असा दुसरा आकडाही असतो. तो घनतेचा नाही, एकूण निष्कर्षाचा. त्यातला शून्य म्हणजे तपासणी अजून अपुरी आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी.

कोडांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. बाई कसलीही तक्रार नसताना नेहमीच्या तपासणीला आली असेल तर पहिला कोड झेड१२.३१, घनता त्याच्यामागे. हा क्रम उलटला तर तपासणी प्रतिबंधात्मक न ठरता बिल त्या बाईच्या अंगावर पडू शकतं. आमच्या टीम लीड ताई म्हणायच्या, "रिपोर्ट वाचताना आधी विचार, ही आली कशाला?" आणि तारीख बघायची ती तपासणीची, आपण कोड लावतो त्या दिवसाची नाही. त्या ऑक्टोबरमध्ये ३० सप्टेंबरच्या तपासण्यांना जुने कोड आणि १ ऑक्टोबरच्यांना नवे, असं दोन्ही शेजारीशेजारी चालू होतं.

एक रिपोर्ट चांगला लक्षात आहे. डावा स्तन कर्करोगामुळे पूर्वीच काढलेला, उजव्यात विषम घनता. सवयीने हात दोन्ही बाजूंच्या ३ कडे जातो. पण इथे आर९२.३३१ हवा, सोबत डावा स्तन नसल्याचा झेड९०.१२ आणि पूर्वीच्या कर्करोगाचा झेड८५.३. ते आकडे भरताना मी त्या बाईचाच विचार करत होते. तिच्याजवळ तपासायला आता एकच बाजू उरली आहे, त्या बाजूची नोंद तरी नेमकी हवी.

त्याच सुमारास महालातल्या मामींनी रामदासपेठेत मॅमोग्राफी केली आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवला. लगेच फोन. "काय वं, हे डेन्स लिहिलंय म्हणजे गाठ आहे काय?" मी म्हटलं, "नाही मामी, गाठ असं कुठेच लिहिलं नाही. दाट असल्यामुळे फिल्ममध्ये सगळं स्पष्ट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी सांगितली आहे. ती कराच, आणि ही फिल्म जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागते." बाकीचं त्यांच्या डॉक्टरांवर सोडलं, कारण कोडरने निदान सांगू नये. सोनोग्राफी ठीक आली.

आमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो "स्तन दाट आहेत" एवढंच लिहिलेल्या रिपोर्टांनी. सी की डी? वर्णनावरून अंदाज करायचा मोह होतो, पण तो आपला अधिकार नाही. तिथे प्रकार न सांगणारा आर९२.३०, किंवा रेडिओलॉजिस्टना क्वेरी, म्हणजे नेमकं काय ते विचारणारी चिठ्ठी. क्वेरी पाठवली की काम थांबतं, टार्गेटवर ताण येतो, तरी मी पाठवत राहिले. ऑडिटमध्ये घनतेचे कोड तपासले तेव्हा माझ्या क्वेरीच माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक मॅमोग्राफी सेंटरला बंधनकारक केलं: रिपोर्टमध्ये चारपैकी एक प्रकार लिहायचा आणि बाईला पाठवायच्या पत्रात तिचे स्तन दाट आहेत की नाहीत ते साध्या भाषेत कळवायचं. तेव्हापासून आमच्याकडचे मोघम रिपोर्ट बरेच कमी झाले. एखादा आलाच, तर मी आजही क्वेरी पाठवते.