पास नाही

डेंटिस्ट लोकांची एक खोड मला कधी कळली नाही. तोंडात आरसा, तो आकडा आणि थुंकी ओढणारी नळी असं सगळं एकदम घालून झालं की मग हे प्रश्न विचारणार. परवा दुपारी अशीच आडवी पडले होते, वरचा दिवा डोळ्यात, आणि डॉक्टरीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "दोन ऑप्शन आहेत. रूट कॅनल करू, नाहीतर काढून टाकू. तुम्ही सांगा." मी म्हटलं, "आँ." त्यांनी ते विचार करते असं समजून घेतलं.

रूट कॅनल म्हणजे आतली नस काढायची, मुळांतल्या तीन-चार नळ्या एकेक करून कोरून साफ करायच्या, भरायच्या, वर कॅप बसवायची, आणि एवढा उद्योग करूनही दाढ टिकेलच असं नाही कारण एक चीर खाली गेलेली दिसतेय म्हणे. काढली तर विषय संपला. पण तसा तो संपत नाहीच, कारण शेजारची दाढ हळूहळू त्या खड्ड्याकडे कलायला लागते आणि वरची, खालचा आधार गेला म्हणून, आपली खाली उतरत येते. दातांनाही रिकामी जागा बघवत नाही. तोंड मोकळं झाल्यावर मी जो प्रश्न विचारला तो मी सगळीकडेच विचारते आणि घरचे त्यावरून मला चिडवतात: "आणि काहीच नाही केलं तर?"

"तर दुखेल. मग तुम्ही परत याल, ऑप्शन हेच दोन असतील, फक्त गाल सुजलेला असेल."

काढली.

पण तो प्रश्न माझा जुना आजार आहे. समोर दोन वाईट गोष्टी आल्या की मला पक्कं वाटतं, तिसरी एक चांगली यांनी कुठेतरी मागे ठेवलेली आहे आणि आपण पुरेसं छळलं तर नाइलाजाने काढून दाखवतील. त्यासाठी मी वाटेल तेवढा वेळ घालवते. चार लोकांना फोन करते, चौघं पाच सल्ले देतात, नेटवर रात्री दोनपर्यंत वाचत बसते, आणि बरं का, त्या सगळ्या काळात मी कामात आहे असंच मला वाटत असतं.

हे आजोबांनी पार लहानपणी ओळखलं होतं. सुट्टीतल्या दुपारी सगळे झोपले की ते बुद्धिबळाचा पट काढायचे. नातवंडांशी खेळताना मुद्दाम हरतात तसे आजोबा वेगळे, आमचे मन लावून हरवायचे. एकदा शेवटी शेवटी पटावर आम्हा दोघांचा एकेक राजा आणि एकेक प्यादं एवढंच उरलं. प्यादी एकमेकांसमोर अडकलेली, राजे त्यांच्या दोन बाजूंना येऊन टेकलेले. हललं नाही तर कोणाला काही धोका नाही, पण जो आधी हलेल त्याचं प्यादं गेलं. आणि पाळी माझी.

मी म्हटलं, "पास."

"पास पत्त्यांत. इथे पास नाही."

"पण मी काहीही केलं तरी मरणारच आहे ना!"

"मग मर, पण हल लवकर. मला झोपायचंय."

मी बराच वेळ बसून राहिले. राजाला बोट लावायचं, काढायचं, परत लावायचं. त्यांनी चष्मा काढून पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. शेवटी मी राजा सरकवला, त्यांनी डोळे किलकिले करून प्यादं उचललं, आणि गंमत म्हणजे मला रडू वगैरे काही आलं नाही, उलट एकदम भूक लागली. आधीचा तो सगळा वेळच काय तो भयंकर होता.

पुढे कधीतरी वाचलं की मोठमोठ्या लोकांवरही ही पाळी येते. 1923 साली कोपनहेगनला सेमिश आणि निम्झोविच या दोन नामी बुद्धिबळपटूंमध्ये एक डाव झाला. पंचविसाव्या चालीला निम्झोविचने काय केलं, तर कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. बस. शह नाही, मारामारी नाही. समोर सेमिशकडे वजीर आहे, दोन्ही हत्ती आहेत, दोन्ही उंट आहेत, वर एक घोडा, म्हणजे घर अगदी भरलेलं, आणि त्याने डाव सोडून दिला, कारण यातलं काहीही हलवलं तरी नुकसान. केवळ हलावं लागतं म्हणून हरण्याचा नमुना म्हणून हा डाव शुद्ध की नाही यावर जाणकार भांडतात, भांडोत. मला त्या सेमिशचा थोडा हेवाच वाटतो. डाव सोडणं हाही एक पासच की, आणि तो त्याला मिळाला. दाढ दुखत असताना उठून समोरच्याशी हात मिळवून निघून जाता येत नाही.

"थांबून बघू" हा खरा पर्याय असतो कधी कधी, हे मात्र मी ठासून सांगेन, नाहीतर लोक मला उगाच घाबरट समजतात. लिओनिद रोगोझोवनेही आधी थांबूनच बघितलं होतं. 1961 साल, अंटार्क्टिकावरचा नोव्होलाझारेव्स्काया हा सोव्हिएत तळ, हा 27 वर्षांचा तिथला एकुलता एक डॉक्टर, आणि अपेंडिक्स बिघडलं ते त्याचंच. अँटिबायोटिक घेऊन बघितलं, उतार पडेना, ताप चढत गेला, बाहेर वादळ, विमान येण्याची शक्यता नाही. तेव्हा एप्रिल संपता संपता त्याने भूल फक्त त्या जागेपुरती घेतली आणि स्वतःचं पोट स्वतः उघडलं. हवामान बघणारा एक जण आणि एक ड्रायव्हर हे दोघं मदतनीस. आरसा धरला होता, पण आरशात सगळं उलटं दिसतं म्हणून बरंचसं हाताने चाचपूनच केलं, मधे मधे चक्कर येईल म्हणून थांबत थांबत, पावणेदोन तास. दोनेक आठवड्यांत गडी परत कामाला. पण मला यात पोट फाडण्यापेक्षा आधीचा भाग जास्त आवडतो. सुरू करण्याआधी त्याने त्या दोघांना बसवून नीट शिकवलं होतं की मी बेशुद्ध पडलो तर कुठलं इंजेक्शन कसं द्यायचं, श्वास कसा चालू ठेवायचा. एकदा ठरल्यावर हा माणूस रडतबिडत बसला नाही, पुढच्या वाईटाची तयारी करत बसला. मी अशा वेळी साधारणपणे ज्योतिष बघते.

आजोबा पुढे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, त्यामुळे भूल सोसेल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगेना, आणि ऑपरेशन नाही केलं तर अंथरूण, आणि त्या वयात अंथरूण म्हणजे न्यूमोनिया, पायात गुठळ्या, पाठीला जखमा, हेही सांगून झालं. आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये. जो तो आपापल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावून कोपरा गाठलेला, सगळे एकच विचारत होते, तिसरं काही आहे का, मीही त्यात होतेच. आत्या एकटी बाकावर बसून होती. थोड्या वेळाने उठली, नर्सकडे पेन मागितलं आणि सही केली. कोणाला विचारलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. आजोबा वॉकर घेऊन का होईना फिरायला लागले. पण पूर्वीचे आजोबा ते नाहीतच, मधेच कुठेतरी हरवायचे, हत्ती तिरका चालवायचे आणि मी काही बोलायचे नाही. ते गेल्यावरही काका कधी चार माणसं जमली की हळूच विषय काढतात, तेव्हा जरा घाई झाली, नाही का? भूल दिली नसती तर डोकं शाबूत राहिलं असतं. असेलही. जे केलं नाही त्याला कधी जखमा होत नाहीत, ताप येत नाही.

अशा वेळी मला हडसन नदीत उतरलेलं ते विमान आठवतं. 15 जानेवारी 2009, न्यूयॉर्कहून उडाल्यावर लगेच पक्ष्यांचा थवा आदळला, दोन्ही इंजिनं बसली, आणि वैमानिक सलेनबर्गरपुढे दोनच गोष्टी, धावपट्टीपर्यंत पोचू या आशेवर शहरावरून वळायचं नाहीतर गार नदीत उतरायचं. साडेतीन मिनिटांत पाण्यात. 155 च्या 155 माणसं वाचली. तरी चौकशी झालीच, व्हायलाच हवी म्हणा. सिम्युलेटरवर वैमानिक बसवले, आणि पक्षी आदळताक्षणी वळलं तर विमानतळावर परत जाता येतं असं काही वेळा निघालं. मग एकदा 35 सेकंद थांबून वळून बघितलं, म्हणजे माणसाला काय झालंय ते कळायला, काय करायचं ते सुचायला लागतील तेवढे. विमान पोचलं नाही.

काकांना हे मी सांगितलं होतं एकदा. ते म्हणाले, ती गोष्ट वेगळी.

आत्या त्यांना कधी उलट उत्तर देत नाही. "हो, असेल," म्हणते आणि आत जाते. मागे आम्ही दोघीच होतो तेव्हा मला म्हणाली, "तुला सांगते, त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता माझा. कागदावर काय लिहिलं होतं मी वाचलंच नाही गं. नर्सने बोट ठेवलं तिथे सही केली."

मी म्हटलं, फाइलमध्ये कॉपी असेल की, काढू का, वाच आता.

"आता कशाला," ती म्हणाली, "सही काय परत घेता येणारे?" आणि रिमोट कुठे ठेवलास म्हणून मलाच ओरडली.