माहीम कॉजवेवरचा पस्तिसावा गोल

फुटबॉल बघायला फुटबॉलवेडं कोल्हापूर सोडून मुंबईला गेलो होतो, असं सांगितलं तर पेठेतली माणसं मला तालमीच्या कट्ट्यावर बसू देणार नाहीत. म्हणून आधीच सांगतो, गेलो होतो फोर्टातल्या एका सही-शिक्क्याच्या कामाला. २ मे २०२३ची रात्र, महालक्ष्मी एक्स्प्रेस, स्लीपरचा वरचा बर्थ आणि बॅगेत आईनं मामीसाठी दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी. तिचं झाकण मिरजेच्या आधीच सैल झालं. सकाळी सीएसएमटीला उतरेपर्यंत माझी बॅग सगळ्या डब्याच्या ओळखीची झाली होती.

सही करणारे साहेब रजेवर होते. ‘उद्या या.’ झालं! मुंबईत अख्खा दिवस मोकळा, वर मे महिन्याचं ऊन. मी सावलीसावलीनं चालत ओव्हल ओलांडून कूपरेजच्या फुटबॉल मैदानाला गेलो.

कूपरेज बाहेरून बघितलं तर आत एवढा इतिहास आहे हे कुणाला सांगून पटणार नाही. शेजारी बँडस्टँडची बाग, आत हिरवीगार कृत्रिम हिरवळ. कोल्हापूरच्या आमच्या शाहू स्टेडियमवर घसरलं की गुडघ्याला माती लागते, इथं भाजत असणार. फुटबॉलचा रोव्हर्स कप इथं व्हायचा. ही स्पर्धा १८९१ची, सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं तो कप हैदराबाद सिटी पोलीस घेऊन गेले. पाच वर्षं सलग! त्या काळी हाफ डे टाकून गिरण्या-ऑफिसांतली माणसं मॅचला येत असतील का, असा विचार करत मी गेटवरच्या काकांना विचारलं, “आज मॅच आहे का?” ते म्हणाले, “आज मॅच मोहालीला.” मुंबई इंडियन्सची.

रात्री मामेभाऊ वांद्र्याच्या एका बारमध्ये घेऊन गेला, तिथं सगळ्या पडद्यांवर तीच मॅच. पंजाबनं २१४ केल्या होत्या. ईशान किशनच्या ७५, सूर्यकुमारच्या ६६, आणि मुंबईनं सात चेंडू राखून त्या काढल्या. इतका गोंगाट की मला सोडा मागवायला वेटरच्या कानाशी जावं लागलं. मग पाऊण तासात बार निम्मा रिकामा झाला आणि कोपऱ्या-कोपऱ्यांतून आकाशी निळे जर्सीवाले बाहेर आले. काहींच्या अंगावर मँचेस्टर सिटी, काहींच्या अंगावर मुंबई सिटी. दोन्ही क्लबांत तेव्हा एकाच सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा, रंगही लांबून सारखाच. अंधेरीच्या मैदानावर घरचे सामने खेळणाऱ्या मुंबई सिटीनं त्याच मोसमात इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस, जिंकली होती, त्यामुळे पोरं हवेतच होती.

साडेबाराला सामना सुरू झाला. मँचेस्टर सिटी विरुद्ध वेस्ट हॅम. पण खरं भांडण सिटीचा फॉरवर्ड हालांड आणि एका आकड्याचं होतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या एका मोसमात तोवरचे सर्वाधिक गोल ३४. अँडी कोलनं न्यूकॅसलसाठी १९९३-९४ला केले, पुढच्याच वर्षी ॲलन शिअररनं ब्लॅकबर्नसाठी. तेव्हा लीगमध्ये २२ संघ, म्हणजे एकेकाला ४२ सामने. आता ३८. एर्लिंग हालांड तीनच दिवसांपूर्वी फुलहॅमविरुद्ध पेनल्टी मारून ३४वर आला होता आणि हा त्याचा लीगमधला ३१वा सामना.

पलीकडच्या टेबलावर एक जण लगेच म्हणाला, “विक्रम कसला? १९९२च्या आधी इंग्लंडात फुटबॉल नव्हता काय?” बोलणं तिरकं, पण मुद्दा खरा; प्रीमियर लीग हे नाव १९९२पासूनचं. एव्हर्टनच्या डिक्सी डीननं १९२७-२८च्या मोसमात ३९ सामन्यांत ६० गोल केलेत, शेवटच्या सामन्यात हॅटट्रिक मारून. तो आकडा कुणी गाठेल असं मला वाटत नाही.

पहिला हाफ कोरा गेला आणि हालांड? उभा. खरंच उभा. सहा फूट चार इंचांचा हा नॉर्वेचा गडी दोन डिफेंडरच्या मध्ये एसटीची वाट बघत असल्यासारखा. आमच्या गॅलरीत असता तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं असतं, “ए, हाल की जरा! का पेन्शन घ्यायला आलायस?” कोल्हापुरात फॉरवर्डनं घाम गाळलेला दिसला पाहिजे. खाली येऊन बॉल घ्यायचा, दोघांना चकवायचं, मग तिसऱ्याच्या अंगावर मारायचं आणि टाळ्या घ्यायच्या. मीही शाळेत तसलाच फॉरवर्ड होतो. सगळ्या मोसमात चार गोल, त्यातला एक आमच्याच गोलात.

तर मी त्या रात्री बॉल सोडून नुसता हालांड बघितला. तो डिफेंडरच्या पाठीमागं, नजरेच्या जरा पलीकडं राहतो. बॉलकडं बघायचं की याच्याकडं, हे त्या बिचाऱ्याला ठरवता येत नाही. मध्येच दोन पावलं मागं, परत दोन पुढं. पास देणाऱ्यानं मान वर केली की मगच धाव. एरवी पळण्यात तो दम घालवतच नाही. गंमत म्हणजे आदल्या वर्षी प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाच्या याच संघानं असा हक्काचा नऊ नंबर, म्हणजे गोलापुढचा फॉरवर्ड, नसतानाच लीग जिंकली होती. मग यालाही त्यात बसवायला वेळ लागेल असं पंडितांना वाटलं. यानं लीगमधल्या पहिल्याच सामन्यात दोन गोल मारले, तेही वेस्ट हॅमलाच.

दीड वाजला आणि बारवाल्यानं दिवे लावले. मुंबईचा नियम, दीडला बंद म्हणजे बंद. बाहेर आलो. लोकल संपलेल्या, रिक्षा माहीमला जात नाही, टॅक्सीवाले मान हलवून पुढं. “चल दादा, चालतच जाऊ,” मामेभाऊ म्हणाला. मोबाईलवर हॉटस्टार लावला, एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या, वायर ताणलेली, असे आम्ही जोडीनं निघालो. वाटेत सिटीच्या नेथन एकेनं हेडर मारून १-०. आम्ही तो गोल एका बंद मेडिकलच्या पायरीपाशी बघितला.

कॉजवेवर आलो तेव्हा ओहोटी असावी, कारण माहीमच्या खाडीचा तो सुप्रसिद्ध वास नाकात शिरला. पलीकडं कोळ्यांच्या होड्या. नेमकं तिथंच नेट अडकलं. पडद्यावर सिटीच्या ग्रीलिशच्या पायात बॉल, आणि चित्र थिजलं. गोल गोल चक्र फिरतंय. तेवढ्यात आमच्या पुढं पन्नास पावलांवर दोन निळे जर्सीवाले नाचायला लागले.

“गेला वाटतं,” भाऊ म्हणाला.

मी त्यांच्या अंगावर ओरडणार होतो, खरं सांगतो. मग आमचं चित्र हललं. ग्रीलिशनं बॉल आत सोडला, हालांड डिफेंडर मागं टाकून निघाला, वेस्ट हॅमचा गोलकीपर फाबियान्स्की पुढं आला आणि यानं पायाच्या टोकानं बॉल अलगद त्याच्यावरून टाकला. त्या अवाढव्य देहातून एवढा हलका स्पर्श! ३५. एक डिलिव्हरीवाला स्कूटर थांबवून आमच्या खांद्यावरून बघत होता. “कितना हुआ?” म्हणाला. आम्ही आकडा सांगितला, तर म्हणाला, “एक मॅच में?”

सिटीचा तिसरा गोल, फोडेनचा, माहीम चर्चच्या जवळपास झाला. मैदानातून बाहेर पडताना सिटीच्या माणसांनी दुतर्फा रांग करून हालांडला मध्यातून नेलं, पाठीवर चांगल्या थापा घातल्या. पुढं एव्हर्टनविरुद्ध त्यानं ३६वा मारला. ३५ सामने, ३६ गोल. सगळ्या स्पर्धा धरून ५२. आणि जूनमध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकून सिटीचं त्या मोसमातलं तिसरं विजेतेपदही झालं, पण ते मी घरी, कोल्हापुरात बघितलं.

अडीचला बेल वाजवली. मामीनं डोळे चोळत दार उघडलं, आधी चपला नीट ठेवायला लावल्या, मग म्हणाली, “एवढा वेळ? जिंकली का रे मुंबई?”

“जिंकली,” मी म्हणालो.

“मग हळू बोला. तुझ्या मामाला सकाळी पेपरात वाचायचंय.”