टँकरचा एप्रिल

रविवार

आज सोसायटीची मीटिंग पाण्यावरच संपली. पार्किंग, लिफ्टचं कंत्राट, सगळं पुढच्या वेळेवर गेलं. खजिनदारकाकांनी मार्चचा हिशेब वाचला. मेंटेनन्समधला सर्वांत मोठा खर्च टँकरचा, वॉचमन आणि वीज त्याच्या मागे. महिना भरत आला की पेन्शनवर जगणाऱ्या जोशीकाकू गप्प बसतात, ते मला बघवत नाही.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला, महापालिकेत नव्यानं समाविष्ट झालेल्या गावांच्या पट्ट्यात राहतो. खडकवासल्याची भिंत इथून जवळ. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं पाणी बंद पाइपातून पर्वतीला जातं, शुद्ध होतं आणि जुन्या शहराला मिळतं. ते मिळायलाच हवं. पण ‘पुण्यात पाणीच नाही’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. धरणात पाणी आहे. आमच्याकडे नाहीत त्या टाक्या, जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्र.

2017 मध्ये 11 गावं शहरात आली, 2021 मध्ये आणखी 23. समान पाणीपुरवठ्यासाठी पालिकेनं 200 कोटींचे कर्जरोखे काढले तेही 2017 मध्येच, म्हणजे तेव्हा ही 23 गावं हद्दीतही नव्हती. इमारती मात्र कुणासाठी थांबल्या नाहीत. पालिकेचं पाणी येईपर्यंत आपण पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. आमच्याही बिल्डरनं ते दिलं होतं. सोसायटी हस्तांतरित झाली आणि तो फोन उचलेनासा झाला. अशा हमीपत्राला अर्थ यायचा असेल तर ते मोडणाऱ्याची पुढची परवानगी अडली पाहिजे. माझं हे मत मी मीटिंगमध्ये आज जरा मोठ्यानंच सांगितलं.

आणि पाणी नुसतं येऊन भागत नाही. जानेवारी 2025 आठवला की अजून पोटात गोळा येतो. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक सापडले. पोट बिघडायचं, मग हातापायांना मुंग्या, मग पायातली ताकदच जायची. जंतूशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. नांदेडच्या विहिरीतलं पाणी गाळण्याची प्रक्रिया न होता, नुसतं क्लोरीन टाकून घरोघरी जात होतं. गढूळ पाण्यात क्लोरीन पुरेसं काम करत नाही. लोक घाबरून जारकडे वळले, तर काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही खराब निघालं. आमच्या मागच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा कितीतरी दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता चालतो, पण जिना चढताना कठडा धरतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ओढ्याकडेच्या खोल्यांत राहतात. तिथे टँकर मागवायला सोसायटी नाही, टाकी नाही. साऱ्या खोल्यांना मिळून एकच नळ, पहाटे थोडा वेळ येणारा. “ताई, आधी हंडे भरायचे, मग डोळा लागला तर लागला,” असं त्या अगदी सहज सांगतात. प्यायला जार, तो विकतचा. त्यांचा रोजचा पगार आणि जारची किंमत यांचा हिशेब मांडला की कमाईच्या मानानं पाण्यावर आमच्याहून जास्त खर्च त्यांचाच होतो, हे स्पष्ट दिसतं. टँकरचं बिल कमी करा, एवढंच मागून आम्ही थांबलो तर मावशींच्या वाट्याला काहीच येणार नाही.

म्हणून आजच्या ठरावात दोन गोष्टी घालून घेतल्या. एक, आलेल्या प्रत्येक टँकरची ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, करायची. दोन थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. नसेल तर टँकर परत. दुसरी, आजूबाजूच्या सोसायट्यांसोबत जलवाहिनीसाठी जो अर्ज द्यायचा, त्यात ओढ्याकडच्या खोल्याही नकाशावर दाखवायच्या. दुसऱ्या मुद्द्यावर कुरकुर झाली. “त्यांचं त्यांचे मालक बघतील,” असं एक जण म्हणाले. जोशीकाकूंनीच त्यांना थांबवलं.

चाचणीचं काम मी घेतलं आहे. किट उद्या मेडिकलवाल्याकडे विचारेन. बुधवारी सुट्टी आहे, तेव्हा मावशींसोबत जाऊन त्या नळाचं पाणीही तपासायचं आणि खोल्यांच्या मालकाची अर्जावर सही घ्यायची.