लाल ट्यूबचं पॅकिंग

"मिस्त्री, टाकीला कुलूप बसवायचं. आणि तोंडात जाळी. डिझेल ओढायची नळीच आत जाऊ नये अशी."

सांगलीत कोल्हापूर रोडला माझं गॅरेज आहे. जानेवारी २०२०, उसाचा हंगाम ऐन भरात. अशा दिवसांत दहा चाकी गाडी धंदा सोडून माझ्या दारात उभी करायची म्हणजे गाडीमालक अण्णा चांगलेच तापलेले असणार. गाडी चालवत आणली होती मामांनी. मामा त्यांचे ड्रायव्हर, पन्नाशीचे, जतकडचे. दोघं केबिनच्या दोन दारांनी उतरले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

अण्णांनी वही काढली. गाडी लिटरला चार किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देत होती, ती साडेतीनच्याही खाली आली होती. दिवसाचं शंभर किलोमीटर धरलं तर चार लिटरभर डिझेल कुठं जातंय ते कळत नव्हतं. नोझल, फिल्टर सगळं दुसरीकडं दाखवून झालेलं. रात्री गाडी कारखान्यावर नंबरला उभी, सोबतीला फक्त मामा. मग अण्णांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि डिसेंबरच्या पगारातून तीन हजार कापलेसुद्धा.

मामा एवढंच म्हणाले, "मी इकलं न्हाई."

जाळीचं माप घेतलं. मग सवयीनं टाकीच्या तळाखालून हात फिरवला. सकाळीच टाकी फुल्ल केलेली. हाताला चिखल लागला. पण तो पाण्याचा नव्हता. उसाचा भुसा, पाचटाचा चुरा आणि धूळ डिझेलमध्ये भिजून पुरणासारखा थर झाला होता. पाणी वाळतं, डिझेल वाळत नाही, ते धूळ धरून बसतं. हात नाकाशी नेला आणि मी खाली सरकलो.

स्क्रू ड्रायव्हरनं थर खरवडला. ड्रेन प्लगच्या, म्हणजे टाकी रिकामी करायच्या तळाच्या बुचाच्या, कडेनं थेंब येत होता. साधारण सेकंदाला एक. कापलेली पाण्याची बाटली खाली धरून दहा मिनिटं मोजली तर तीस मिलीच्या आसपास भरलं. म्हणजे तासाला पावणेदोनशे, दिवसाला सव्वाचार लिटर. वहीतली तूट तिथंच भरून निघाली. टाकी भरलेली असली की वरून दाब जास्त, थेंब घाईनं पडतात. रिकामी होत आली की मंदावतात. कारखान्याच्या अड्ड्यात जमीन नुसती पाचट आणि जुन्या ऑइलनं माखलेली, तिथं रात्री पडणारे थेंब कोण बघतो? दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी तर बोनेटखालून डोकंच बाहेर काढलं नसणार.

आता खरी गोष्ट. प्लग आणि टाकीच्या मध्ये जे पॅकिंग फुगून जिभेसारखं बाहेर आलं होतं, ते लाल होतं.

तिथं असतो तांब्याचा वायसर. लाल रबर कुठली कंपनी टाकत नाही. लाल रबर मी टाकलं होतं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, त्या वेळी पाणी सत्तावन्नावर गेलेलं. पूर ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली. बऱ्याच टाक्यांत पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं, म्हणून ड्रेन प्लग सोडायचा: आधी गढूळ पाणी, मग दुधाळ, मग स्वच्छ डिझेल. या गाडीचा वायसर काढताना हातातून निसटला आणि गुडघाभर चिखलात गेला. स्पेअरची दुकानं स्वतःच पाण्यातून वर येत होती. पोराच्या सायकलची पुरात खराब झालेली ट्यूब हाताशी होती, लाल. कात्रीनं गोल कापून बसवली आणि म्हणालो, "अण्णा, दोन दिवसांनी या, नवा टाकतो." दोन दिवसांनी ना त्यांना आठवलं, ना मला.

सायकलच्या ट्यूबचं रबर डिझेल पितं. फुगतं, मऊ पडतं, मग आवळलेल्या जागेतून बाहेर सरकतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गाडीखाली पडून मी बराच वेळ त्या लाल तुकड्याकडे बघत होतो. नवा वायसर टाकला असता, रबर खिशात घातलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. कुलपाचे पैसेही मिळाले असते. हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही.

बाहेर आलो आणि तुकडा अण्णांच्या वहीवर ठेवला. "हे माझं काम आहे. पुरातलं. मामांचे पैसे माझ्या बिलातून वळते करा."

अण्णा काही बोलले नाहीत. वहीच्या पानावर डिझेलचा डाग पसरत गेला, ते त्याकडेच बघत राहिले. मामा चहाच्या टपरीकडे निघून गेले.

काम अर्ध्या तासाचं. बिडी-काडी, ग्राइंडर सगळं लांब. डिझेल कॅनमध्ये उतरवलं, प्लग काढला, बसायची जागा कपड्यानं कोरडी केली, रबराचा चिकटा नखानं काढला. नवा तांब्याचा वायसर, पंधरा रुपये. प्लग आधी हातानंच पूर्ण फिरवायचा, आटे सरळ धरलेत हे बोटांना कळलं पाहिजे. मग पान्यानं वायसर दबेपर्यंत. त्यापुढं जोर करणारे आटे घालवतात आणि मग टाकीच उतरवावी लागते. डिझेल परत भरून खाली वर्तमानपत्र अंथरलं. अर्ध्या तासानं कागद कोरडा.

मामा तीन चहा घेऊन आले. एक माझ्या हातात दिला, एक अण्णांच्या.

"कुलपाचं काय करायचं?" मी विचारलं.

अण्णांनी पिशवीकडे बघितलं. "आणलंय तर बसव."

बसवलं. उजेडाला बॅटरी मामांनीच धरली.

रात्री घरी पुराच्या वेळची डायरी काढली. लाल ट्यूब लावलेल्या आणखी सात गाड्या निघाल्या. सातही मालकांना फोन केले. पाच त्याच आठवड्यात आल्या. तिघांची गळत होती, दोघांची धरून होती, पण काढताना रबर बोटाला गुळासारखं चिकटलं. सहाव्याची टाकी मालकानं आधीच बदललेली. सातवी गाडी विट्याकडं कुणाला तरी विकली गेली होती, तिचा पत्ता अजून लागलेला नाही.