खारपाणपट्ट्यात आलं कांदळ

आज भाचा रत्नागिरीहून आला अन् पिशवीतून ओल्या पेपरात गुंडाळलेली हातभर लांब हिरवी काडी काढली, मले वाटलं शेवग्याची शेंग हाये. तर म्हणे मामा, हे कांदळाचं रोप, खाडीतल्या खाऱ्या चिखलात वाढणारं झाड! या झाडाचं बी फांदीवर असतानाच उगवते, लांब होते, मग खाली पडून चिखलात रुजते नाहीतर भरतीच्या पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाते. काय अक्कल हाये झाडाले!

तिवर हेबी खाडीतलंच झाड, त्याची पानंबी आणली होती त्यानं, वर मिठाचे बारीक कण. जिभेवर ठेवलं तर खरंच खारट. तिवर मीठ पानावाटे बाहेर टाकते, कांदळ बरंचसं मुळाशीच अडवते. चिखलात हवा नसते म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीवानी वर येऊन श्वास घेतात, अन् त्यातच खेकडे, मासोळीची पिल्लं वाढतात.

आपल्या वऱ्हाडात पूर्णा नदीकाठच्या या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, चण्याले दिलं तर जमीन खराब होते, हे आम्ही जन्मभर पाहतो. बाबा सगळं ऐकून म्हणे, "आपल्या पान्यावर जगन का रे हे?" भरती-ओहोटी कुठून आणावी इथं, पण त्यांनी काडी विहिरीच्या पाण्याच्या बकेटीत उभी केली अन् संध्याकाळपासून दोनदा जाऊन पाहून आले.