पोटॅशियम ११.८

लॅबच्या टेक्निशियनने रक्ताच्या रिपोर्टची प्रिंट टेबलावर ठेवली आणि जागचा हलेना. सोडियम १३९, पोटॅशियम ११.८, कॅल्शियम ३.१, अल्कलाइन फॉस्फेटेज १२. रन दुसऱ्यांदा लावून झाला होता, आकडे तेच. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. साडेसहाच्या पुढे गेलं की हृदय कधी दगा देईल याचा भरवसा नाही. ११.८ वाला माणूस कॉटवर बसून गप्पा मारत असेल, तर आधी बल्बवर, म्हणजे रक्त घेतलेल्या नळीवर, संशय घ्यायचा.

सीरम उजेडात धरून पाहिलं. स्वच्छ, पिवळसर. पेशी फुटल्या असत्या तर लालसर झाक आली असती आणि पोटॅशियमही वाढलं असतं, पण कॅल्शियम असं तळाला गेलं नसतं. हे ईडीटीएचंच काम. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये पोटॅशियम ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं. तेही ईडीटीए पळवतं आणि तो आकडाही पडतो. तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की समजावं, प्लेन, म्हणजे ईडीटीए नसलेला, बल्ब कमी भरला होता आणि कोणीतरी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या, जांभळ्या बल्बमधलं रक्त ओतून बरोबरी केली. विचारलं की उत्तर ठरलेलं: "रक्त तर त्याच पेशंटचं आहे ना?"

नर्सिंगच्या मुलींना मी क्लिनिकल पॅथॉलॉजी शिकवते. मोजक्या तासांत लघवी, शौच, थुंकी, मणक्यातलं पाणी, सगळं उरकायचं असतं. बल्बांचा क्रम मी स्वतःहून त्यात घुसडते: आधी ब्लड कल्चर, मग निळा, मग प्लेन, मग जांभळा, शेवटी राखाडी. निळा खुणेपर्यंत भरलाच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, तेही रक्त गोठू न देणारं. कमी भरला तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबतो. मुली पाठ करतात. वॉर्डात गेल्यावर एखादी जुनी सिस्टर सांगते, "मॅडमचं ते कॉलेजात ठेव, इथे कामं पडलीत."

आमच्या सिस्टीममध्ये आकडा मी सही करायच्या आधीच वॉर्डच्या स्क्रीनवर झळकतो. ही सोय कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. मी फोन केला तोवर रेसिडेंट डॉक्टरने कॅल्शियम ग्लुकोनेट, म्हणजे वाढलेल्या पोटॅशियमपासून हृदय सांभाळणारं इंजेक्शन, भरायला सांगितलं होतं. फोन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने उचलला आणि मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "मॅडम, कॅल्शियम पण खूप कमी दाखवतंय. ईडीटीए गेलं असेल का?" मास्तरकीत असे क्षण फार येत नाहीत. रेसिडेंटला फोन द्यायला सांगितला. "म्हणजे पोटॅशियमचं काही नाही," तो म्हणाला. नवीन सॅम्पल लगेच पाठवा, हे माझं वाक्य त्याने पुरतं ऐकलं की नाही कोण जाणे. फोन ठेवलेला होता.

तो पुढच्या कॉटकडे गेला. ती तिथेच थांबली. पेशंट पन्नाशीचा, जुना मधुमेह, क्रिएटिनिन ३.८ म्हणजे किडनी थकलेली, ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन चालू, तीही पोटॅशियम वाढवणारी गोळी. आणि कॉटखाली पिऊन टाकलेली शहाळी. अशक्तपणा जाईल म्हणून भाऊ मोठ्या मायेने आणत होता. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, याची टाकणार नव्हती. तिने दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, पट्टा फार वेळ न आवळता, मूठ उघडझाप करू न देता. आधी प्लेन, मग जांभळा. सॅम्पल पोचवणारे वॉर्डचे मामा चहाला गेले होते, म्हणून बल्ब घेऊन स्वतःच लॅबमध्ये आली.

"अर्जंट लावा ना मॅडम. तो रिपोर्ट खोटा असेल, पण यांचं खरं किती आहे ते कुठे कळलंय?"

पोटॅशियम ६.४. कॅल्शियम ८.६. ईसीजीत टी वेव्ह उंच आणि टोकदार, वाढलेल्या पोटॅशियमची खूण. मघाशी थांबवलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट आता हळूहळू शिरेतून गेलं, १० टक्क्यांचं १० मिली. पाठोपाठ पोटॅशियम पेशींत ढकलायला १० युनिट इन्सुलिन, आणि साखर उतरू नये म्हणून २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली. संध्याकाळी पोटॅशियम ५.४. शहाळी बंद, गोळी बदलली, भाऊ खट्टू.

मग रीतसर चौकशी झाली. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने ओढणाऱ्या स्टाफ सिस्टरला मेमो मिळाला. 'काही नाही' म्हणून पुढे गेलेल्याचा त्या कागदात उल्लेख नाही. फॉर्मवर तसा रकानाच नाही.

ईडीटीए ओळखायला मी शिकवलं होतं, तेवढं श्रेय घेते. पण खोटा आकडा खोडल्यावर पुन्हा पेशंटकडे वळायचं, हे त्या विद्यार्थिनीला कोणी शिकवलं? तिलाच विचारलं तर म्हणाली, "शहाळी दिसली ना मॅडम." आता हे कुठल्या धड्यात बसवू?

यंदाच्या बॅचला तोच रिपोर्ट, पेशंटची ओळख काढून, अंतर्गत परीक्षेत दिला. निष्कर्ष काय, आणि पुढे काय कराल? पहिल्या भागात जवळपास सगळ्यांनी ईडीटीए लिहिलं. दुसऱ्या भागात बहुतेकींनी लिहिलं: रिपोर्ट रद्द करून वरिष्ठांना कळवू. मी निम्मे मार्क कापले. तेव्हापासून मुली पेपर घेऊन केबिनमध्ये येतायत आणि विचारतायत, यात चुकलं काय?